तळपायातला खडा

त्या कारखान्यात माती हाताने तपासायची पद्धत नव्हती. कारखाना म्हणजे तरी काय, एक पत्र्याची लांब शेड, एक भट्टी, एक विहीर आणि घरचीच पाच माणसं. पण पाटीवर कारखाना लिहिलं होतं, म्हणून सगळे कारखाना म्हणत. कमरेएवढ्या कुंड्या आणि छातीएवढे रांजण घडवायचे तर माती लोण्यासारखी लागते. ती चाळून, भिजवून हौदात पडायची आणि मग बायका कपडे गुडघ्यापर्यंत खोचून अनवाणी तिच्यात उतरायच्या. तुडवायला तर उतरायच्याच, पण त्याहून जास्त चुनखडीचा खडा शोधायला.

चाळणीतून सुटलेला चुनखडीचा खडा हा तिथला खरा वैरी. मोहरीएवढा असला तरी पुरे. भट्टीत तो काही करत नाही, साळसूदासारखा भाजून निघतो. रांजण बाहेर येतो, टणटणीत वाजतो, सगळे खूश होतात. मग चार-आठ दिवसांत हवेतला दमटपणा पिऊन तो खडा आतल्या आत फुगतो आणि एखाद्या शांत दुपारी शेडमध्ये ‘टच’ असा आवाज होतो. जाऊन बघावं तर रांजणाच्या पोटावरून नाण्याएवढी खपली उडालेली, आणि खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका.

हा खडा डोळ्यांना दिसत नाही, मातीने बरबटलेल्या हाताला लागत नाही. पायाला लागतो. पण पाय तसा हवा.

तसा पाय सासूबाईंचा. त्या हौदात उतरल्या की तुडवतायत असं वाटायचंच नाही, ऐकतायत असं वाटायचं. मान कलती, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मधेच थांबून पायाच्या दोन बोटांत धरून खडा वर काढायच्या. शेवटची फेरी त्यांचीच. त्या बाहेर येऊन “जाऊ दे चाकावर” म्हणाल्या की माती चाकावर जायची. थोरल्या सुनेला त्यांनी सहा महिन्यांत हौदातून बाहेर काढलं होतं. “पाय आहेत का फळकुटं गं तुझी?” असं चारचौघांत म्हणून तिला कुंड्यांचे कान चिकटवायला बसवलं, ती आजतागायत तिथेच बसली होती आणि तो शब्द अजून तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

धाकटीचं मात्र जमलं. लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यातच तिने तीन खडे काढले. तिला शिवण येत नव्हतं, हिशेब येत नव्हता, सासूबाईंच्या मते बोलायचं कसं तेही येत नव्हतं, पण पाय होता. त्या घरात ती ज्या जागेवर उभी होती, ती जागा त्या दोन तळपायांएवढीच होती. आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ज्या दिवशी तिला नसलेला खडा लागला, त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

“थांबा. आहे,” ती म्हणाली. उजव्या पायाखाली, बोटांच्या मागच्या उंचवट्याशी, टोचलं होतं.

थोरली कान चिकटवता चिकटवता उठून आली. तिघींनी मिळून तेवढी माती उपसली, फळीवर पसरली, तारेने कापून कापून पाहिली. काही नाही. धाकटी पुन्हा उतरली. दोन पावलं टाकली. पुन्हा टोचलं.

“इथे आहे.”

“मघाशी तिथे होता,” थोरली म्हणाली. “पाय फुटलेत वाटतं खड्याला.”

सासूबाई उतरल्या, गोल फिरल्या, बाहेर आल्या. “काही नाही इथे. जाऊ दे चाकावर.” आणि धाकटीकडे न बघता म्हणाल्या, “लक्ष कुठे असतं तुझं?”

त्या संध्याकाळी पाय धुताना धाकटीने पाय मांडीवर उलटा घेतला. हौदाशेजारी सिमेंटची टाकी होती, तिच्या काठाला दोरीने एक खापर बांधलेलं होतं. खरबरीत, हाताच्या आकाराचं. तिघीही त्यानेच पाय घासत. धाकटीने घासून घासून माती काढली, तरी एक जागा मळकटच राहिली. हरभऱ्याएवढी, कडक, जराशी पिवळट. बाकी तळव्यावरच्या रेषा नांगरलेल्या शेतासारख्या सरळ जात होत्या. या जागेपाशी येऊन मात्र त्या बाजूने वळसा घालून जात होत्या. आणि मधोमध तीन काळे ठिपके.

“अगं बाई, इथे घुसलायस होय,” ती पुटपुटली. तिला हायसंच वाटलं. खडा मातीत नाही, पायात आहे. म्हणजे पाय खोटं बोलत नव्हता. तिने सुई घेतली आणि ठिपके उकरायला बसली. खडा निघाला नाही. रक्त मात्र इतकं आलं की तिने घाबरून अंगठा दाबून धरला. मग तेच खापर घेऊन ती जागा खसाखसा घासली, खापर विसळलं न विसळलं, आणि टाकीला परत लटकवलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच खापराने टाचा घासल्या.

ठिपक्यांचे चार झाले, मग सहा झाले. धाकटी आता टोचलं की थांबत नसे. आपल्याच पायातलं आहे, हे तिला कळलं होतं. दर दहा पावलांनी माती उपसायला लावली तर तिलाही कान चिकटवायला बसवतील, हेही कळलं होतं. टोचलं की ती दात आवळायची आणि पुढचं पाऊल टाकायची. आणि शेवटची फेरी तर सासूबाईंची होतीच. त्यांच्या पायाखालून काय सुटणार?

त्या महिन्याची भट्टी उघडली. बावीस रांजण, एकाला चीर नाही. धाकटीच्या नवऱ्याने, ज्याने ते सगळे चाकावर चढवले होते, एकेकाला टिचकी मारून पाहिली आणि शीळ घातली.

सहाव्या दिवशी दुपारी पहिला ‘टच’ झाला. सगळे जेवायला बसले होते. पाणी पिऊन होईतो दुसरा झाला. मग पुढचे दोन दिवस शेडमध्ये कुणी असो नसो, थोड्या थोड्या वेळाने तो बारीक आवाज येत राहिला. बावीसपैकी चौदा गेले.

“शेवटची फेरी आईचीच होती ना?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“माझा पाय कधी चुकलाय?” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आलेला होता. “पहिल्या फेऱ्या कोणाच्या होत्या, तिला विचार.”

धाकटीने मान खाली घातली. तिला टोचलं होतं. दहा वेळा टोचलं असेल. त्यातलं कुठलं पायातलं आणि कुठलं मातीतलं, देव जाणे. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात अडकून बसली. आपण दात आवळले म्हणून गप्प राहिलो. आई का गप्प राहिल्या?

भाजीला जाते म्हणून ती बाहेर पडली आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेतला, भिंग लावलं, आणि ती जागा आधी वरून दाबली. धाकटी गप्प. मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली. धाकटी टेबलावरून उडालीच.

“कुरूप असतं तर वरून दाबल्यावर ओरडला असतात. ही चामखीळ आहे.”

“चामखीळ? ती तर मानेवर येते, अशी लोंबती.”

“तळपायावर लोंबेल कशी? तुम्ही उभ्या आहात ना तिच्यावर. ती आत दबून बसते.”

“आणि हे काळे खडे?”

“खडे नाहीत. रक्ताच्या बारीक वाहिन्या आहेत, गोठलेल्या. तुम्ही सुईने उकरलंत?” धाकटीचं तोंड बघून त्यांना उत्तर मिळालं. “उकरायचं नाही. एकाच्या चार होतात. हा विषाणू असतो. ओल्या, मऊ पडलेल्या कातडीत बारीकशा भेगेतून शिरतो. काम काय करता?”

धाकटीने सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं भिंग खाली आलं.

“दिवसभर ओल्यात, अनवाणी. आणि पाय कशाने घासता?”

“खापराने.”

“सगळ्या एकाच?”

धाकटीने मान डोलावली.

“ते खापर आज फेकून द्या. ज्याचं त्याचं वेगळं करा. पायपुसणं वेगळं, चपला वेगळ्या. बरं होईपर्यंत हौदात जाऊ नका, गेलातच तर ही जागा चिकटपट्टीने पक्की बंद करून जा. बाहेर आल्यावर पाय कोरडे करा, बोटांच्या बेचक्यासुद्धा.” मग त्यांनी एक छोटी बाटली दिली, झाकणाला ब्रश असलेली. “रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात. मेलेली कातडी कानशीने हलकेच घासायची, ती कानस दुसऱ्या कशाला वापरायची नाही. भोवतीच्या चांगल्या कातडीला मलम लावून ठेवायचं आणि हे औषध फक्त चामखिळीवर. एक थेंब. हे आम्ल आहे बाई, कातडी खातं. दुखायला लागलं की दोन दिवस थांबायचं. घाई नाही, दोन-तीन महिने लागतात. नाहीच गेली तर गोठवून काढू. साखर आहे तुम्हाला?”

“नाही.”

“मग ठीक. साखरवाल्या माणसाने या बाटलीला हातसुद्धा लावायचा नाही. पायाला कळत नाही त्यांच्या, आणि जखम भरत नाही. घरात कुणाला आहे?”

धाकटीला आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. सासूबाईंना चक्कर आली तेव्हा कुठल्याशा डॉक्टरने साखर सांगितली होती. त्यांनी दोन महिने गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, आणि “गेली साखर” असं जाहीर करून उरलेल्या गोळ्या कपाटावर टाकल्या. घरात त्या बाईंनी गेली म्हटलं की गोष्ट गेलेलीच असे.

“होती एकीला,” धाकटी म्हणाली. “गेली.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, काही बोलणार होत्या, तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी पोर किंचाळलं आणि त्या उठल्या.

खापर तिने त्याच दिवशी विहिरीत टाकलं. दुसऱ्या सकाळी टाकीला नवीन खापर बांधलेलं. खापरांना काय तोटा, तो कारखानाच खापरांचा. मग धाकटीने तीन खापरं आणली आणि तीन रंगांचे दोरे बांधून लटकवली.

“हे काय, तोरण?” थोरलीने विचारलं.

“लाल तुमचं, हिरवं आईंचं, पिवळं माझं. ज्याचं त्याने वापरायचं.”

“का गं? आम्हाला काय खरूज झालीय?”

“स्वच्छतेसाठी हो ताई.”

“बघा आई, पाय चालेनासे झाले तेव्हा दोरे बांधायला लागली.”

सासूबाई हसल्या आणि हाताला आलं ते खापर घेऊन टाचा घासू लागल्या. पिवळ्या दोऱ्याचं होतं. धाकटी बघत राहिली. ‘ते घेऊ नका’ म्हणायचं तर ‘का’ सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं की संपलं. हौद सुटला, जागा सुटली. तिने विचार केला, उद्या सांगू. बाटली तिने कपाटात जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवली होती.

औषध लागू पडत होतं. पंधरवड्यात ती जागा पांढरी पडली, वरचे पापुद्रे निघू लागले, टोचणं अर्ध्यावर आलं. पण एक गोष्ट तिला खटकत होती. बाटली लवकर उतरत होती. ती एक थेंब घेत होती आणि औषध मात्र बोटाबोटाने कमी होत होतं. उन्हाने उडत असेल, असं तिने मनाला सांगितलं. कपाटात ऊन कुठून यायचं, हे मनाने तिला विचारलं नाही.

मग चपलेची गोष्ट झाली. सासूबाई अंगण ओलांडून शेडकडे येत होत्या, तोंडाने थोरल्या मुलाला काहीबाही सुनावत. एका पायात चप्पल होती. दुसरी मागे अंगणाच्या मधोमध उलटी पडली होती. त्या खडीवरून तशाच चालत आल्या, टप टप, एक पाऊल चपलेचं आणि एक उघडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

“आई, चप्पल.”

त्यांनी खाली पाहिलं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या तोंडावर असं काही आलं जे धाकटीने त्या घरात येऊन कधी पाहिलं नव्हतं. भीती होती ती. मग त्या म्हणाल्या, “सैल झालीय मेली,” आणि थोरलीला चप्पल आणायला पिटाळलं.

पुढच्या भट्टीची माती झाली तो दिवस ढगाळ होता. धाकटी पट्टी बांधून पहिल्या फेऱ्या करून बाहेर आली. सासूबाई शेवटच्या फेरीला उतरल्या. मान कलती, डोळे अर्धवट मिटलेले, नेहमीसारख्याच. राखाडी मातीत पाऊल उमटायचं, त्यात झिरपून पाणी भरायचं, मग पुढचं पाऊल. धाकटी काठावर बसून पाय पुसत होती, सहज तिची नजर गेली.

डाव्या पावलात पाणी राखाडी होतं. उजव्या पावलात, बोटांच्या मागे, गुलाबी.

तिने पुढचं उजवं पाऊल पाहिलं. गुलाबी. त्याच्या पुढचं. त्याच जागी, तसंच. हौदाच्या कडेने गोल गोल ती पावलं गेली होती, एक आड एक, आणि सासूबाई डोळे मिटून शांतपणे चालत होत्या.

“आई, बाहेर या.”

“झालं आता. एवढी फेरी.”

“आई, आधी बाहेर या!”

त्या घरात इतक्या मोठ्याने ती पहिल्यांदाच बोलली. थोरलीच्या हातातला मातीचा कान खाली पडला. सासूबाई बाहेर आल्या त्या रागानेच. धाकटीने त्यांना टाकीच्या काठावर बसवलं, उजवा पाय मांडीवर घेतला आणि पाणी ओतलं. माती गेली. तळव्यावर भिजून सुटलेली एक चिंधी लोंबत होती. ती ओढल्यावर खाली दिसलं ते बघून थोरलीने तोंडाला हात लावला. रुपयाएवढी कातडी पांढरीफटक, मेलेली, आणि तिच्या मधोमध एक भोक. करंगळीचं टोक जाईल एवढं. भोवतीने लाल, चकचकीत, सुजलेलं.

“काय लावलंत हे?”

“तुझंच ते,” सासूबाई म्हणाल्या. “अभ्र्यात लपवतेस होय? या घरात माझ्यापासून उशी लपत नाही, बाटली कुठून लपणार! मलाही झालं होतं तुझ्यासारखंच, काळे ठिपके. तू रोज रात्री लावतेस, तुझं बरं होतंय, म्हटलं आपणही लावू. थेंबाने काय होतंय! मी कापूस भिजवून बांधत होते.”

“रोज?”

“दोन वेळा. आणि बघ, मला अजिबात दुखत नाही. तुझे नखरे फार, लावताना नुसती तोंडं वेंगाडतेस.”

धाकटीने आपला अंगठा त्या जखमेच्या अगदी काठाशी टेकवला आणि दाबला. सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. पाय हलला नाही.

“आई, मी काय करतेय आत्ता?”

“काय करतेयस?” सासूबाईंनी विचारलं. आणि मग त्यांनी खाली पाहिलं.

धाकटीने आणि तिच्या नवऱ्याने त्यांना टेम्पोतून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत सासूबाई दोनदा म्हणाल्या की माती उघडी राहिली, ओलं फडकं टाकायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा एकदम सपाट झाला. बोटाला टोचून मशीनमध्ये रक्ताचा थेंब घातला, आकडा पाहून पुन्हा घातला. मग ड्रॉवरमधून नायलॉनचा एक बारीक तंतू काढला, दांडीला लावलेला.

“आजी, डोळे मिटा. मी याने तळव्याला स्पर्श करीन. कळलं की हो म्हणायचं.”

सासूबाईंनी डोळे मिटले. मान कलती केली. तीच मान, हौदातली.

तंतू अंगठ्याला टेकला. “हो,” सासूबाई म्हणाल्या. टाचेला. “हो.” मधल्या बोटाला. “हो.” थोड्या थोड्या वेळाने, बरोब्बर मापाने, “हो… हो… हो.” डॉक्टरीणबाईंनी तंतू उचलून टेबलावर ठेवून दिला आणि हाताची घडी घालून बसल्या.

“हो,” सासूबाई म्हणाल्या. “हो.”

धाकटीच्या नवऱ्याने तोंड भिंतीकडे केलं.

“आजी, किती वर्षं झाली?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सासूबाईंनी डोळे उघडले, टेबलावरचा तंतू पाहिला, आणि पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आले.

“तीन,” त्या म्हणाल्या. “आधी वाटायचं मातीच मऊ येतेय.”

“आणि शेवटची फेरी?” नवऱ्याने विचारलं, भिंतीकडे बघतच.

“ही होती ना पुढे.” त्यांनी धाकटीकडे मान हलवली. “हिचा पाय चांगला आहे. ही गप्प निघाली की मी म्हणायचे, जाऊ दे चाकावर.”

धाकटी ज्यांच्या भरवशावर गप्प राहिली होती, त्या तिच्याच गप्पपणावर उभ्या होत्या.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “चूक माझी आहे. तुम्ही साखरेचं विचारलंत, मी गेली म्हटलं. खापराचं सांगितलंत, मी घरी सांगितलं नाही. मला हौदातून काढतील म्हणून.”

“ते नंतर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मेलेली कातडी कापली. सासूबाई छताकडे बघत पडून राहिल्या, नखं कापून घेतल्यासारख्या. बारीक सळई भोकात घालून हाड लागतं का पाहिलं. लागलं नाही. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, वरती औषधाचं पॅड बांधलं. मग निळं पेन घेऊन पायावर जिथवर लाली चढली होती तिथे, घोट्याच्या चार बोटं खाली, गोल रेघ ओढली.

“पाय टेकवायचा नाही. अजिबात. दर तीन तासांनी ही रेघ बघायची. लाली रेघेच्या आत राहिली तर परवा माझ्याकडे या. रेघेबाहेर आली, ताप भरला, थंडी वाजली, तर माझी वाट बघायची नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलात. तासाभराचासुद्धा उशीर नाही. पाय ठेवायचा असेल तर.”

“पाय ठेवायचा असेल तर म्हणजे?” सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई पेनाला टोपण लावत होत्या.

रेघ बघायचं काम धाकटीने घेतलं. पलंगाच्या पायथ्याशी स्टूल टाकून ती बसली. संध्याकाळी लाली आत होती. रात्री आत होती. पहाटे आत होती, पण तिला वाटलं आतल्या आत सरकलीय. मग वाटलं डोळ्यांना तसं दिसतंय. थोरली दारात येऊन उभी राहायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. एकदा म्हणाली, “मी बसू का? तू डोळा लाव जरा.” इतक्या वर्षांत ती धाकटीशी टोमण्याशिवाय बोलली, ते हे पहिल्यांदा.

“आत आहे ना?” सासूबाई दर वेळी विचारत.

“आहे.”

“बघितलंस ना नीट?”

“बघितलं, आई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने पाय उजेडाकडे वळवला. निळी रेघ तिथेच होती. आतल्या बाजूला, घोट्याकडे, लाली रेघेला टेकली होती आणि एका जागी तिच्याखालून निघून पलीकडे गेली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. फार तर दोन. तिने भिंग नव्हतं म्हणून सासूबाईंच्या चष्म्याची काच धरून पाहिलं.

“आत आहे ना?”

धाकटी बोलली नाही.

“आत आहे म्हण,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नव्हती, छताकडेच बघत होत्या. “संध्याकाळपर्यंत म्हण. एकदा तिथे गेलं की ते कापूनच सोडतात. तुझ्या लाडक्या मावशीचं नाही का झालं तसं? म्हण गं. तुला काय जड आहे. एवढे दिवस गप्प बसलीसच ना?”

हे त्या टोचून बोलल्या नाहीत. विनवून बोलल्या, आणि ते जास्त लागलं. धाकटीने त्या दाण्याएवढ्या लालीकडे पुन्हा पाहिलं. संध्याकाळ म्हणजे पाच तास. गप्प बसायला काहीच लागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“नाही, आई,” ती म्हणाली. “बाहेर आलीय.”

आणि ती उठून दारात गेली आणि ओरडली, “अहो! टेम्पो काढा!”

मग सगळं भराभर झालं. थोरल्याने आणि धाकटीच्या नवऱ्याने सासूबाईंना चादरीसकट उचललं. थोरली गोळ्यांच्या पिशवीसाठी धावली, कपाटावरून त्या आठ वर्षांपूर्वीच्या गोळ्याही घेऊन आली, कुणी मागितल्या नव्हत्या तरी. सासूबाई एकदा म्हणाल्या, “चपला,” आणि मग स्वतःच गप्प झाल्या.

टेम्पोच्या मागच्या भागात गवताच्या पेंढ्या होत्या, रांजणांना लावायच्या, त्यावरच त्यांना निजवलं. धाकटी पायाशी बसली आणि तो पाय मांडीवर घेतला, खड्ड्यात आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. गाडी हलली. सासूबाईंच्या दातांवर दात वाजत होते. दुपारच्या उन्हात त्यांना थंडी भरली होती.

“तुझा हात आहे का तिथे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“कुठे आहे?”

“घोट्यावर एक. एक टाचेखाली.”

“बरं.” मग त्या म्हणाल्या, “सांगत जा. मला कळत नाही.”

टेम्पो मोठ्या रस्त्याला लागला. धाकटी सांगत राहिली, आता पट्टीवर आहे, आता बोटांशी आहे, आता पुन्हा घोट्यावर. घोट्यावर तिने हात जरा वर सरकवला, निळ्या रेघेच्या बऱ्याच वर, जिथे अजून काही लाल नव्हतं. तिथली कातडीही गरम होती. तिने हात आणखी वर नेला.